पाण्यापल्याडची पहिली गाठ

बोरीला माझी नेमणूक झाली ती सत्तावन्न सालच्या श्रावणात, विकास योजनेची ग्रामसेविका म्हणून. वय तेवीस, शिक्षण सातवी पास, वर सहा महिन्यांचं ट्रेनिंग आणि डोक्यात असा वारा भरलेला, की इकडच्या बायांना आजवर काही म्हणजे काही येत नव्हतं, ते सगळं आता कमलबाई शिकवणार. पाथरीहून, म्हणजे माझ्या घरून, निघताना मी ट्रंकेत 'बाळाला अंघोळ कशी घालावी' याचा रंगीत तक्ता ठेवला होता. माझं स्वतःचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. आठ-आठ लेकरं न्हाऊमाखू घातलेल्या बायांपुढे मी तो तक्ता खिळ्याला टांगायची आणि छडीने दाखवायची. तोंडावर कुणी हसलं नाही. मी पाठमोरी झाले की मात्र हसत असणार, आणि हसल्या असतील तर बरंच केलं.

वरून हुकूम होता की महिन्याच्या आत बायांचा हस्तकलेचा वर्ग सुरू झालाच पाहिजे. त्यासाठी शिवणयंत्र येणार होतं. मी तीन वर्षांनी बोरी सोडली तेव्हाही ते येणारच होतं. मग मी घरोघर विचारत फिरले, तुम्हाला काय शिकायला आवडेल? गावातले मोठे शेतकरी दिनकरराव, त्यांच्या घरच्या धुरपताबाई बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "शिकायचंच असंल तर कासाबाईचा गंडा शिकू की. पर ती आता कुटं करायलीय? तीन वरसं झाली, हात लावत न्हाई."

गंडा म्हणजे काळ्या मेंढीच्या लोकरीचा पीळ. त्यात कवडी, काचेचे मणी आणि जो घालणार त्याची काहीतरी स्वतःची वस्तू गुंफलेली. गळ्यात घाला, दंडात घाला, लेकराच्या कमरेला बांधा. बोरीत ज्यांच्या अंगावर सोनं होतं त्यांच्याही गळ्यात सोन्याच्या खाली हा काळा पीळ असायचा, आणि तो कासाबाईच्याच हातचा. मी मनात म्हटलं, झालं, आपण विज्ञान सांगायला आलो आणि इथे गंडेदोरे.

कासाबाई राहायची ओढ्याच्या एका काठावरच्या धनगरवस्तीत. बोरी, सडक, मोटार, सगळं दुसऱ्या काठाला. तिचं माहेर पूर्णेकडचं, रेल्वेच्या रुळाला लागून. लहानपणी आगगाडीच्या शिट्टीने मेंढरं बुजून चौफेर पळायची आणि ती वळवता वळवता आपण चालायला शिकलो, असं ती सांगायची. नवव्या वर्षी लग्न झालं. सासूने तिला पीळ शिकवला. कोकराच्या पहिल्या कातरणीचीच लोकर घ्यायची, टकळी डाव्या हाताने उलटी फिरवायची. नवरा ग्यानबा, ऐन तिशीत मेंढरांमागे असताना वीज पडून गेला. तेव्हा अंगद, तिचा एकुलता एक, मांडीवर होता. दिराने म्हटलं, मेंढरं आमच्यात घाला, तुम्ही घरी बसा. ती म्हणाली, मेंढरं माझी हायेत, मी राखीन. आणि राखली. अंगावर घोंगडं, पाठीवर पोर, हातात टकळी, अशी ती वीस वर्षं रानोमाळ हिंडली.

तिचं नाव झालं ते अठ्ठेचाळीस साली. रझाकारांच्या धामधुमीत गावातले कर्ते पुरुष सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेले आणि मागे राहिलेल्या बाया कासाबाईच्या दारात येऊन बसल्या. कुणी नवऱ्यासाठी गंडा मागे, कुणी भावासाठी. दिनकरराव परत आले ते गळ्यात तिचाच पीळ घालून. तेव्हापासून दहा गावांच्या बाया तिच्याकडे यायला लागल्या. गंडा ती करून द्यायची आणि गाठी कशा मारायच्या तेही शिकवायची, कारण गाठी घरच्याच बाईने मारायच्या असत. गाठी सात. रोज एक. आणि सातवी पडेपर्यंत ज्याच्यासाठी गंडा आहे त्याने वाहतं पाणी ओलांडायचं नाही. गाठीतलं बळ पाणी ओढून नेतं, असं सासूने तिला सांगितलं होतं आणि तिने दहा गावांना.

चोपन्न सालच्या माघात या रितीने तिच्याच घरावर घाला घातला.

वाडा तेव्हा गोदावरीच्या दक्षिण काठाला होता. धनगर एखाद्याच्या रानात मेंढरं बसवून मुक्काम करतात त्याला वाडा म्हणतात. अंगदचा मुलगा चार वर्षांचा, त्याचं नाव आजोबाचंच, ग्यानबा. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून कासाबाई नातवाला 'मालक' म्हणायची. "मालक, भाकर खाता का?" असं तिचं चालायचं. त्या पोराला ताप भरला. तिने पीळ वळला, गळ्यात घातला, पहिली गाठ मारली. दवाखाना नदीपलीकडे पाथरीला. दुसऱ्या दिवशी सून, बानूबाई, म्हणाली, "आत्या, पल्याड नेऊ." तिसऱ्या दिवशी ती पोराला खांद्यावर टाकून नदीच्या काठापर्यंत गेली. कासाबाई मागून धावत गेली आणि दंडाला धरून तिला परत आणलं. अजून चार गाठी राहिल्या आहेत, सगळं फुकट जाईल, म्हणाली. नदीला पाणी होतं गुडघ्याएवढं. पाचव्या दिवशी पाचवी गाठ पडली आणि दिवस मावळायच्या आत पोरगं गेलं.

बानूबाईने गंडा कात्रीने कापला. त्यानंतर तिने सासूला आत्या म्हटलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. भाकर वाढायची, पाय दुखले तर चेपून द्यायची, 'पाणी तापलंय', 'हे आलेत', एवढं बोलायची. पण हाक मारायची नाही. एका छपराखाली राहून हाक न मारता तीन वर्षं काढायची, याला काय लागतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

हे सगळं धुरपताबाईंनी मला सांगितलं, तरी मी गेलेच. सरकारी हुकूम होता ना! कासाबाई अंगणात लोकर विंचरत बसली होती. पन्नाशीची, उंच, हाडं मोठी, डोळ्यांवर पडदा चढत चाललेला. बानूबाईने कडेवरची दीड वर्षांची सुगंधा खाली ठेवून मला चहा दिला. त्या पोरीच्या अंगावर साधा करगोटासुद्धा नव्हता.

"लोकर हाय, हात हाय. पर ते काम न्हाई," कासाबाई म्हणाली.

मी वैतागलेलीच होते. त्याच सकाळी वस्तीच्या टोकाला कडूबाईच्या घरी डोकेफोड करून आले होते. तिच्या नातीला चार दिवस ताप, छातीत घरघर, मी म्हटलं मोटारीने जिंतूरला नेऊ, तर कडूबाई म्हणते, घरातल्या जुन्या गंड्याला चौथी गाठ झालीय, ओढा ओलांडता यायचा नाही. तो सगळा राग मी कासाबाईवर काढला. "नका शिकवू! तुम्ही शिकवलेलं अजून चालूच आहे. जा, बघून या कडूबाईच्या घरी."

कासाबाईच्या हातातली लोकर तशीच राहिली. "कितवी गाठ म्हणलात?"

"चौथी."

ती उठली. मेंढ्या कातरायची कात्री घेतली आणि चालू लागली. मी मागोमाग. कडूबाईच्या घरात शिरून तिने विचारलं, "ह्ये कुणी सांगितलं तुला?"

"तूच की," कडूबाई म्हणाली. "अठ्ठेचाळीस साली."

कासाबाईने पोरीच्या गळ्यातला गंडा कचकन कापला. कडूबाईने असा गळा काढला की वस्ती गोळा झाली. "मीच बांधलं, मीच सोडायलेय. बोंबलायचं तर मोटारीत बसून बोंबल," असं म्हणून कासाबाईने पोरगी खांद्यावर टाकली, लुगडं खोचलं आणि ओढ्यात उतरली. आम्ही जिंतूरला पोचलो. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस थांबला असता तर हातची गेली होती. पोरगी आठव्या दिवशी अंगणात खेळत होती.

त्या दिवशी जिंतूरहून येताना मोटारीत कासाबाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, वर्ग कव्हा धरायचा?"

"कसला?"

"गंड्याचा. जिला जिला म्या सात गाठी शिकवल्या त्या समद्यांना बोलवा. म्या पेरलंय, म्याच उपटणार. डोळे हायेत तवर."

आता मला पंचाईत. गंड्याचा वर्ग सरकारी कागदावर लिहायचा कसा? मी लिहिलं, 'लोकर व कवड्यांचे दागिने, पंधरा दिवस'. साहेबांनी सही ठोकली. वाचलं असतं तरी त्यांना कळलं नसतं, आणि न वाचल्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

पहिल्या दिवशी कासाबाईच्या अंगणात एकोणीस बाया आल्या. मराठ्यांच्या एका बाजूला, धनगरांच्या दुसऱ्या बाजूला, मधे रिकामी वाट. कासाबाई त्या वाटेतच टकळी घेऊन बसली, म्हणजे सगळ्यांना सरकून गोल करावा लागला. बोलायला तिला फार येत नव्हतं. ती करून दाखवायची आणि प्रत्येकीच्या हाताला हात लावून बघायची. माझा दोरा सारखा तुटायचा. "बाई, दोरा हाय त्यो, तुमचं दफ्तर न्हाई. इतकं आवळू नका," म्हणायची, आणि बाया खुदखुदायच्या. शिकवणारी शिकायला बसली याचा त्यांना कोण आनंद.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "उद्या येताना आपापली वस्तू आणा. इकत आणलेली नको. जी हातात घेतली की माणूस आठवंल ती."

धुरपताबाईंनी कोटाची एक गुंडी आणली. दिनकरराव छावणीतून आले त्या कोटाची. एरवी फटकळ बाई, पण ती गुंडी दाखवताना पदर तोंडाशी धरून बसली. नर्मदाबाई बोरीतली एक नवी सून, तिने माहेरच्या जात्याच्या खुंट्याची ढलपी आणली. आई तोच खुंटा धरून दळत असते, म्हणाली. मी तक्ता टांगायचा खिळा नेला. कडूबाई रिकाम्या हाताने आली.

"माझं नावच गंडा हाय," ती म्हणाली. "माझ्या आदीचे तीन गेले म्हणून मला कडू म्हणले. देवालाबी नको वाटावं म्हणून." मग तिने कनवटीतून एक चुरगळलेला कागद काढला. जिंतूरच्या मोटारीचं तिकीट. "ह्ये चालंल का?"

कासाबाईने ते तिकीट हातात घेऊन बराच वेळ चाचपलं. मग चिंधीत घालून तिची इवलीशी पेटी शिवली, दोन कवड्यांच्या मधे बसवली आणि म्हणाली, "ह्याच्यापरीस चांगली वस्तू आजून कुणी आणली न्हाई."

पाचव्या दिवशी पीळ तयार झाले. नर्मदाबाईने साहजिकच विचारलं, "मावशी, गाठी आजपासून धरायच्या का? सात दिवस?"

कासाबाईने टकळी खाली ठेवली. बानूबाई दारात धान्य पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"आईका," कासाबाई म्हणाली. "ग्यानबा म्या मारला."

बाया दचकल्या. एक तर वाक्यच तसं, आणि दुसरं म्हणजे तिच्या तोंडून ते नाव आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. नवऱ्याचं नाव, नातवाचं नाव. ती पुढे बोलतच राहिली. ताप, गाठी, गुडघ्याएवढं पाणी, काठावरून ओढून आणलेली सून, सगळं. रडली नाही. "आय त्याला घेऊन निघाली हुती. म्या आडवलं. रोगानं गेला म्हणून मला कुणी दोष देत न्हाई. पर तुमी ध्यानात ठिवा. ह्या दोऱ्यानं मरण थांबत न्हाई. पाण्याची रीत खोटी हाय. जिनं जिनं माझ्यापून ती घेतली तिनं ती आज हितंच टाकून जावं."

बानूबाई सूप टाकून आत गेली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एकोणीसपैकी सात बाया आल्या.

मला वाटलं होतं, खरं बोललं की माणसं जिंकली. तसं होत नसतं. मरण थांबत नसेल तर लोकर कशाला वळायची, असं बायांनी घरी बसून ठरवलं. वर मल्हारी, कासाबाईचा दीर, वस्तीचा कारभारी आणि देवळाचा पुजारीही तोच, अंगणात येऊन उभा राहिला. "वयनी, वाडवडलांची रीत भर अंगणात खोटी म्हणलात. उद्या मेंढरांवर रोग आला तर?"

"मेंढरांना बी दवाखान्यात नेऊ," कासाबाई म्हणाली. "सरा भावजी, उजेड आडवू नका."

तो गेला, पण कडूबाईने जे विचारलं ते राहिलंच. "कासे, मग ह्ये घालायचं तरी कामून?"

दोन दिवस कासाबाई सात बायांसमोर नुसती टकळी फिरवत बसली. मी म्हटलं, मावशी, वर्ग बंद करू, मी कागदावर 'पूर्ण' लिहिते. माझ्याकडे तिने असं पाहिलं की मी कागद पिशवीत घातला. तिसऱ्या दिवशी आम्ही आलो तर ती वस्तीत नव्हतीच. ओढ्यापलीकडे, सडकेच्या कडेला बसलेली. तिथूनच ओरडली, "हिकडं या! आजपून वर्ग हितं!"

आम्ही पाणी तुडवत गेलो. ती म्हणाली, "आता गाठ शिकवते. पहिली गाठ पाण्यापल्याड. घरात पीळ वळा, कवडी घाला, मणी घाला, काय पायजे ते घाला. पर घरात गाठ मारली तर ती गाठच न्हाई. लेकरू आजारी पडलं की उचलायचं, पाणी ओलांडायचं, मोटारीत बसायचं आन् दवाखान्याच्या पायरीवर पहिली गाठ. डाक्टर सुई टोचंल तव्हा दुसरी. असं बरं होईस्तवर."

मी सुशिक्षित. मी लगेच म्हटलं, "म्हणजे एक खोटी रीत काढून दुसरी खोटी घालायची?"

"तुमच्या तक्त्यानं किती लेकरं दवाखान्यात नेली, बाई?"

एकही नाही.

"बाईला नुसतं जा म्हणलं तर ती जात न्हाई," कासाबाई जरा मऊ होऊन म्हणाली. "सासू आडवती, दीर आडवतो, तिचं तिलाच भ्या वाटतं. हातात गंडा असंल तर म्हणंल, मला गाठ मारायला जायाचंय. मग कोण आडवंल? आन् दवाखान्यात बसल्यावर हातांनी काय करावं ते कळत न्हाई. तिथं काम पायजे हातांना."

संध्याकाळी मल्हारीने पुन्हा येऊन विचारलंच, "रीत बदलायला तुमी कोण?"

"सासूनं मला सांगितली तव्हा तिला कुणी इचारलं न्हाई. आता म्या सांगायलेय."

पंधरा दिवसांचा वर्ग दीड महिना चालला. सातच्या अकरा झाल्या, अकराच्या सव्वीस. भादव्यात तापाची साथ आली आणि जिंतूरच्या दवाखान्याच्या पायरीवर बाया गाठी मारताना दिसायला लागल्या. डॉक्टरांनी मला विचारलं, हा काय प्रकार आहे? मी म्हटलं, हस्तकला. ज्या बाया बोरीला येऊ शकत नव्हत्या त्यांच्याकडे कासाबाई स्वतः लोकरीचं गाठोडं घेऊन चालत जायची. दहाही गावं तिने पालथी घातली. डोळ्यांनी वाट नीट दिसत नव्हती, तर काठी टेकत जायची. कुठे कुठे हाकलून दिलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात. इतकं हट्टी माणूस मी त्यानंतर पाहिलं नाही, आणि मी काही कमी हट्टी माणसांत राहिले नाही. साठ साली महाराष्ट्र झाला, माझी बदली झाली, तोवर त्या भागात सात दिवसांची रीत कुणी पाळत असेल तर ती चोरून.

पण हे झालं गावाचं. घरात सुगंधाच्या अंगावर दोरा नव्हता तो नव्हताच. बानूबाई वर्गातल्या बायांना ओढ्यापलीकडे चहा आणून द्यायची, कवड्या धुऊन द्यायची, पण बसली नाही कधी. एकदा एका गावाहून येताना कासाबाई बांधावर टेकली आणि म्हणाली, "समद्यांना शिकवलं. तिला काय शिकवू? ती तर तव्हाच निघाली हुती." थोड्या वेळाने म्हणाली, "एक डाव आत्या म्हणली असती तर." आणि उठून चालू लागली.

आश्विन उजाडला. घट बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी कासाबाई शेजारच्या गावी मुक्कामाला होती, अंगद मेंढरांमागे. रात्रभर वरच्या अंगाला पाऊस झालेला, सकाळी ओढा दोन्ही थड्या भरून. मी सडकेवर मोटारीची वाट बघत उभी होते. पलीकडून बानूबाई येताना दिसली. डोक्यावर टोपल्यात सुगंधा, दोन्ही हातांनी टोपलं घट्ट धरलेलं. मी ओरडले, थांबा, पाणी उतरू द्या! तिने ऐकलं असेल-नसेल. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. मध्ये एकदा ती अख्खी डगमगली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती माझ्यासमोर उभी होती, ओलीचिंब, दात कडकडत. टोपल्यातल्या पोरीचं अंग भट्टीसारखं.

जिंतूरला पोचेपर्यंत पोरीला एकदा आकडी येऊन गेली. डॉक्टरांनी आत घेतलं. बानूबाई बाहेर पायरीवर बसली. तिचे हात मांडीवर नुसते उघडबंद होत होते. मग तिने कनवटीत हात घालून एक चिंधी काढली. चिंधीत काळा पीळ होता, जुना, कात्रीने कापलेला, एक कवडी असलेला. त्यावर पाच गाठी.

मला वाटत होतं तो तिने कधीच नदीत टाकला असणार.

तिने कापलेली दोन टोकं जवळ आणली आणि सहावी गाठ मारली. शिकलेली नव्हती, पण लग्न होऊन आल्यापासून सासूचे आणि दीड महिना आमचे हात बघत आली होती. गाठ वेडीवाकडी पडली. आतून सुगंधाचं रडणं ऐकू आलं, सुई टोचल्यावर लेकरू रडतं तसं खणखणीत. तिने सातवी मारली.

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. पोरीचा ताप उतरला होता, गळ्यात तो काळा पीळ होता. ओढ्याचं पाणी गुडघ्यावर आलेलं. पलीकडच्या काठावर कासाबाई उभी होती. सकाळपासून तशीच उभी आहे, असं नंतर कळलं. आम्ही दिसल्यावर, म्हणजे आमचे आवाज ऐकल्यावर, ती काठी टेकत पाण्यात उतरली. ओढ्याच्या मधोमध गाठ पडली आमची.

तिने आधी सुगंधाचं कपाळ चाचपलं. मग गाल, मग गळा. बोटं पिळावर गेली आणि थांबली. तिला नीट दिसत नव्हतं, पण स्वतःच्या हातचं काम तिला दिसायची गरज नव्हती. एकेक गाठ ती बोटांनी मोजत गेली. पाचवीपर्यंत आली आणि ती पुन्हा एकदा चाचपली. पुढे सरकली. सहावी. सातवी.

"ह्या दोन माझ्या न्हाईत," ती म्हणाली.

"माझ्या हायेत, आत्या," बानूबाई म्हणाली. "दोन राहिल्या हुत्या."

कासाबाई तिथेच पाण्यात उभी राहून रडली. बानूबाईने पोरगी माझ्याकडे दिली, सासूच्या दंडाला धरलं आणि तिला हळूहळू काठावर घेऊन आली.